ऊब दिल्याची खूण

६ मार्च १९९०, मंगळवार. ह्यूस्टन

ही वही मी विकत घेतलेली नाही, प्रयोगशाळेच्या कपाटातून उचलली आहे. पहिली वीस पानं कुणीतरी आकड्यांनी भरली होती, ती फाडून टाकली. आई म्हणते, "ओडील, तू काहीच शेवटाला नेत नाहीस. निदान काय काय अर्धवट टाकलंस ते तरी लिहून ठेव." म्हणून हे.

तर आजवर: कोळंबीच्या बोटीवर आठ महिने. जत्रेतल्या आकाशपाळण्यावर एक उन्हाळा. लेक चार्ल्सच्या इस्पितळात चादरी धुण्यावर तीन आठवडे (ते मी सोडलं नाही, मला काढलं). मग इथे गॅसच्या ट्रकवर, टाक्या पोचवायला. काल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या इमारतीत द्रव नायट्रोजनची टाकी घेऊन गेले तर पांढरा कोट आणि पायात गुराख्याचे बूट घातलेली एक म्हातारी बाई भट्टीसमोर उकिडवी बसून भट्टीला झेक भाषेत शिव्या घालत होती. भाषा कळली नाही, शिव्या आहेत हे कळलं. मी म्हटलं, "बाई, जरा सरका." आतली एक तार जळली होती. कापली, जोडली, भट्टी लागली.

"हे कुठे शिकलीस?"

"पाळण्यावर."

"आणि शाळा?"

"अकरावी. म्हणजे जवळजवळ."

"ट्रकवाल्याला सांग, तू परत येत नाहीस म्हणून."

ही बाई म्हणजे डॉ. विल्मा हाव्हलिक. जन्म टेक्सासचाच, पण सातव्या वर्षापर्यंत घरात इंग्रजी नव्हतं. सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. येताना त्यांनी जर्दाळूचा मुरंबा घातलेला एक गोड झेक पाव माझ्या हातावर ठेवला, त्याला 'कोलाचे' म्हणतात. मी तीन खाल्ले.

८ मार्च

काम कळलं. निदान काय करायचं ते कळलं. का करायचं ते अर्धं.

मेंग-हुआ त्साइ नावाचा तैवानचा विद्यार्थी आहे, बत्तीस वर्षांचा, सहा वर्षं इथे पीएचडी करतोय. आता तो प्रबंध लिहायला बसलाय, म्हणून मोजायचं काम माझ्याकडे. काडेपेटीतल्या काडीएवढी काळी कांडी असते, भाजलेल्या विटेसारखी ठिसूळ. हाच तो अतिसंवाहक. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की तिच्यातून वीज बिनविरोध जाते. कांडीला चार तारा. दोनमधून वीज सोडायची, दोन मीटरला. मीटर शून्यावर असेल तोवर वीज वाढवत न्यायची, काटा केसभर उठला की थांबायचं आणि तो अँपिअरचा आकडा लिहायचा. बाजूला मोठं चुंबक. चुंबक वाढवलं की कांडी लवकर हार मानते. सगळं भांडण त्या हार मानण्याचं.

"चुंबकाच्या रेषा म्हणजे गुरं समज," मेंग-हुआ म्हणाला. "ती कांडीत घुसतातच. आपण वीज सोडली की वीज त्यांना ढकलते. गुरं जागची हलली की काटा उठला. म्हणून कांडीत खुंटे लागतात. गुरं खुंट्याला बांधलेली असली की ढकल किती ढकलायचं ते."

"खुंटे कशाचे?"

"घाणीचे. भेगा, उपरे कण, भट्टीत राहून गेलेलं काहीबाही. अगदी स्वच्छ कांडीत गुरं मोकाट सुटतात."

"तू खरी गुरं कधी पाहिलीस?"

"या इमारतीतून बाहेर पडलो तर पाहीन ना."

मला तो आवडला.

तीन वर्षांत त्याने चाळीस प्रकारच्या कांड्या भाजल्या. चुंबक पाचशेच्या आकड्यावर ठेवलं की सगळ्यांची मजल पाच अँपिअर. कमी नाही, जास्त नाही. आता एक्केचाळिसाव्यात त्याने चांदी घातलीय. मे महिन्यात तोंडी परीक्षा ठरलीय, आणि प्रबंधातलं चौथं प्रकरण या कांडीवर टेकून आहे. पाचापुढे गेली तर पदवी आणि पुढची नोकरी. नाही गेली तर आणखी किती वर्षं कोण जाणे. बायको श्यू-ची ताइनानच्या शाळेत शिकवते. मुलगी चार वर्षांची. तिला त्याने एकच उन्हाळा पाहिलंय.

एक नियम मात्र डोकं उठवणारा आहे. प्रत्येक आकड्यानंतर कांडी नायट्रोजनमधून वर काढायची, चुंबक बंद करायचं, तापमान नीट चढू द्यायचं आणि मग परत बुडवायची. अर्धा अर्धा तास. याला हे लोक 'ऊब देणं' म्हणतात. नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना आहे, ऊब दिली की तिथे बरोबरची खूण. का, विचारलं तर मेंग-हुआ घाईत होता, म्हणाला, "नाहीतर चुकतं." मला वाटतं बर्फ साचत असेल.

१४ मार्च

आज दहा आकडे. दहा वेळा ऊब. मध्ये बसून करायचं काय? तीन मासिकं वाचली, त्यातलं एक दात कसे काढावेत यावर होतं.

खुणा मी आता सकाळीच दहाच्या दहा करून टाकते, एका दमात, आजी माळ ओढायची तशा. मग दिवसभर ती काळजी नको.

दुपारी चुंबकाला थंड ठेवणाऱ्या नळाचं पाणीच कोमट येतं, मोठ्या आकड्यांना ते कुरकुरायला लागतं. उद्यापासून मोठे आकडे सकाळी उरकावेत आणि खाली खाली यावं. मेंग-हुआला विचारलं. म्हणाला, "ऊब देतेस ना, मग कुठल्याही क्रमाने घे."

२२ मार्च

आज काय झालं! गाड्या लावायच्या जागेतल्या विजेच्या खांबावर हिरव्या पोपटांनी काटक्यांचं घर बांधलंय, गाढवाएवढं. एकाच घराला सात दारं आणि प्रत्येक दारात भांडण. वीज कंपनीचा माणूस शिडी घेऊन ते पाडायला आला. मी त्याला म्हटलं, आत पिल्लं असतील. तो म्हणाला, आत ठिणगी पडली तर पिल्लांचं भरीत होईल. मी म्हटलं, दोन आठवडे थांब. तासभर घातला. शेवटी तो म्हणाला, "बये, मी कागदावर लिहितो की शिडी आखूड पडली." गेला.

या भानगडीत ऊब द्यायचं राहिलं. एक्केचाळिसावी आज पहिल्यांदा मोजायची होती. मोठा आकडा सकाळीच घेतला होता, पोपट झाल्यावर धावत आले, कांडी तशीच नायट्रोजनमध्ये पडून होती. म्हटलं आता काय, चुंबक नुसतं कमी केलं आणि पुढचा आकडा घेतला. मग त्याच्या पुढचा. बर्फबिर्फ काही साचला नव्हता. कांडी तडकलीही नाही. दहा आकडे चार वाजता संपले! हा नियम कुणी भित्र्या माणसाने केलेला असणार.

३० मार्च

मेंग-हुआ नाचला. खरंच. त्याला नाचता येत नाही.

पाचशेच्या आकड्यावर तेरा अँपिअर. पाच नाही, तेरा! त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, "तारा उलट्या जोडल्यास?" मी म्हटलं, तारा जोडणं हा माझा खानदानी धंदा आहे. मग त्याच भाजणीतल्या आणखी दोन कांड्या दिल्या. त्याही तशाच ऊब न देता झटपट मोजल्या. साडेबारा, तेरा. तीनही एकसारख्या.

"चांदी," तो म्हणत राहिला. "चांदीने खुंटे ठोकले."

हाव्हलिकबाई उठून आल्या. आलेखाचा कागद खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "मेंग, हा कागद मला दे. घरी भिंतीला लावते." आणि नाक शिंकरायला बाहेर गेल्या. बाईंनाही तीन वर्षं पाचच अँपिअर दिसत होते.

मला फार बरं वाटलं. माझ्या हाताने कधी काही तिप्पट झालेलं नाही.

५ एप्रिल

रविवारी मी सगळ्यांना चिखलातले झिंगे उकडून घातले, आमच्याकडच्या पद्धतीने, मका आणि बटाटे त्यातच. मेंग-हुआने डोकी चोखून दाखवली तेव्हा मी म्हटलं, तू लुइझियानाचाच, चुकून तिकडे जन्मलास.

इलिनॉयच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून त्याला बोलावणं आलंय. तेरा ऐकून. परीक्षा १८ मे. श्यू-ची शाळेचा राजीनामा देणार, ती आणि मुलगी जूनमध्ये येणार. त्याने मुलीसाठी आधीच बर्फातले बूट घेऊन ठेवलेत, ह्यूस्टनमध्ये, एप्रिलमध्ये! दुकानदार म्हणे हसत होता.

बाई त्याला म्हणाल्या, "परीक्षेआधी एक्केचाळीस तू स्वतः एकदा मोज."

"मोजतो बाई."

"या आठवड्यात."

"हो, हो. हे प्रकरण संपलं की."

११ एप्रिल

बाईंना लेखनसामग्रीचा काहीतरी सोस आहे. आज माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "पोरी, तू मध्येच पेन्सिल का वापरतेस?"

"निळं पेन संपलं की पेन्सिल."

"म्हणजे २२ तारखेला पेन दुपारी संपलं."

"हो, चौथ्या आकड्याला. बघा ना, पुढे सगळी पेन्सिल."

"खुणा मात्र सगळ्या निळ्या."

"त्या मी सकाळीच करते, बाई."

बाईंनी वही मिटली, तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "तुला पेनांचं खोकं आणून देते." दिलं पण! वीस पेनं. अशी मालकीण मला आजवर मिळाली नाही.

गॅसचा ट्रकवाला आज म्हणाला, "तुमची टाकी आधी चार दिवसांत संपायची, आता नऊ दिवस जाते. पिता की काय कमी?" ऊब देताना नायट्रोजन फार उडतो ना. मी ही बढाई मेंग-हुआसमोर मारली, माझ्या हाताला काटकसर आहे म्हणून. तो हसला नाही. "बरं," म्हणाला आणि टंकलेखनाकडे वळला. थकलाय बिचारा.

१८ एप्रिल, बुधवार

आज शाळेची पोरं आली होती, पाचवीतली. बाईंनी खेळ दाखवला. काळी वडी नायट्रोजनमध्ये थंड केली, चुंबकाखाली धरली आणि हात काढून घेतला. वडी चुंबकाखाली हवेत लटकली. चिकटलेली नाही, मध्ये बोटभर फट. गोल फिरवली तर फिरते, खाली ओढली तर परत जागेवर. पोरं ओरडली. मीही ओरडले.

पुढच्या बाकावरची एक दात पडलेली मुलगी म्हणाली, "ती पडत का नाही?"

"कारण चुंबकाच्या रेषा तिच्या पोटात खुंट्याला बांधल्यात. थंड आहे तोवर ती त्यांना सोडत नाही."

"चुंबक काढून घेतलं तर?"

"तरी सोडत नाही. गेलेलं चुंबक पोटात धरून बसते. गरम झाली की एका क्षणात सगळं विसरते." वडी तेवढ्यात खाली पडली, पोरं पुन्हा ओरडली. "म्हणून आम्ही मोजताना प्रत्येक वेळी तिला ऊब देतो. नाहीतर मागच्या मोजणीचं चुंबक पोटात ठेवून ती पुढच्या मोजणीत खोटं बोलते."

हे शेवटचं वाक्य म्हणताना बाई पोरांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, असं आता वाटतंय. तेव्हा मी वडी उचलत होते.

मग पोरांना आइस्क्रीम दिलं. मुलीने मला तिचा पडलेला दात दाखवला, खिशात होता. मला आइस्क्रीम गेलं नाही.

म्हणजे बर्फासाठी नव्हतं ते.

१९ एप्रिल

कामावर गेले नाही. पोट दुखतंय असं कळवलं. दुखतंयच.

२३ एप्रिल, सोमवार

मेंग-हुआ ग्रंथालयात होता. एक्केचाळिसावी घेतली. तिन्ही कांड्या. प्रत्येक आकड्यानंतर वर काढली, चुंबक शून्य, पूर्ण ऊब, तापमान स्वतः पाहिलं, मगच बुडवली. खूण त्यानंतर, एकेक. पाचशेच्या आकड्याला पहिली कांडी: काटा उठला पाच पूर्णांक एकवर. मी वीज बंद करून तारा तपासल्या. परत. पाच पूर्णांक एक.

दुसरी, पाच. तिसरी, चार पूर्णांक नऊ.

मग मुद्दाम २२ तारखेसारखं केलं. मोठा आकडा आधी, मग ऊब न देता खाली. तेरा.

चांदीने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं, पोपटांपायी.

कागद घडी करून बुटात ठेवलाय. मी दोन महिन्यांपूर्वी इथे नव्हते, दोन महिन्यांनी नसेन. मी गेले तर त्या वहीत दहाच्या दहा खुणा आहेत आणि कुणाला कधी कळणार नाही. हे लिहिलं आणि मग वाचलं. वाचायला नको होतं.

२४ एप्रिल

पिशवी भरून बसच्या अड्ड्यावर गेले. गॅल्व्हेस्टनला एकाच्या बोटीवर जागा आहे, ११:१० ची बस.

रांगेत पुढे एक बाई होती, दोन पोरं आणि एक सुटकेस, सुटकेसचं चाक निखळलेलं. मी म्हटलं, एक मिनिट थांबा. खिळा वाकला होता. सरळ केला तर भोक मोठं झालेलं, मग त्यात काडी ठोकली, मग दुसरं चाकही बघितलं. काम झालं तेव्हा ती बाई, पोरं, सुटकेस सगळी बसमध्ये आणि बस फाटकाबाहेर. मी हातात पाना घेऊन उभी.

पळून जायचंसुद्धा माझ्याने सरळ होत नाही.

पुढची बस दोन तासांनी होती. थांबले नाही.

२५ एप्रिल

मेंग-हुआ दुपारी नेहमी मिलम रस्त्यावरच्या व्हिएतनामी दुकानात सूप घेतो. तिथेच गाठलं. बुटातला कागद काढून त्याच्या वाडग्याशेजारी ठेवला. ओला झाला होता जरा.

"काय हे?"

"एक्केचाळिसावी. परत मोजली. या खेपेला ऊब देऊन."

"या खेपेला?"

सांगितलं सगळं. पोपट, शिडी, निळ्या खुणा. तो ऐकताना शेवया खात होता, थांबला नाही. मला वाटलं तो ओरडेल. मी त्याची तयारी करून आले होते, काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ते वापरायची वेळच आली नाही.

"किती?" एवढंच विचारलं.

"पाच पूर्णांक एक."

वाडगा संपवला. चमचा नीट आडवा ठेवला. मग म्हणाला, "टाकी नऊ दिवस गेली."

"काय?"

"तू सांगितलंस ना त्या दिवशी, टाकी नऊ दिवस जाते म्हणून. ऊब दिली तर चार दिवसांवर जाऊच शकत नाही. सहा वर्षं मी ती टाकी वापरतोय, ओडी. ऐकल्या ऐकल्या कळायला हवं होतं." मग म्हणाला, "कळलंच होतं. आतल्या आत. मी म्हटलं, पोरगी काटकसरी आहे. मला तसंच वाटून घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या परत मोज, मी मोजलं नाही. का नाही मोजलं? अर्ध्या दिवसाचं काम."

"मी कुणाला सांगणार नाही. कागद फाड. मी गॅल्व्हेस्टनला जाते."

तेव्हा मात्र तो चिडला. "आणि मी इलिनॉयला जाऊन काय करू? तिथे ते म्हणतील, तेरावाली कांडी भाजून दाखव."

दुकानाच्या मालकिणीने न मागता दुसरा चहा आणून ठेवला.

"तिथे कुणीतरी दोन महिन्यांत शोधून काढेल, ते खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "पण समज नाहीच काढलं. तर मुलगी विचारेल, बाबा, तुम्ही काय शोधलं? मी तिला काय सांगू? नऊ दिवसांची टाकी?"

२७ एप्रिल, शुक्रवार

दोघे मिळून बाईंकडे गेलो. मेंग-हुआने कागद ठेवला. बाईंनी तो वाचला नाही, खण उघडला आणि त्यातून नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स काढली. निळ्या खुणांवर लाल गोल केलेले.

"तुम्हाला माहीत होतं!" मी म्हटलं.

"अकरा तारखेपासून."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

बाई बुटांकडे बघत राहिल्या. "रोज सकाळी ठरवायचे, आज बोलते. मग भिंतीवरचा तो कागद दिसायचा आणि वाटायचं, असू दे आजचा दिवस. पोरी, मलाही तेरा हवे होते. पोरांसमोर मी बोलले तेव्हा वाटलं, तू तरी ऐकशील. धाडस माझ्यात नव्हतं, तुझ्यावर ढकललं. बासष्ट वर्षांची बाई मी."

मग एकदम आवाज बदलला. "मेंग, परीक्षा पुढे ढकलते. ऑगस्ट. इलिनॉयला पत्र तू लिही, सही मीही करीन. चौथं प्रकरण फेक."

"फेकू?"

"नाहीतर काय, लोणचं घालू? पण आधी हे सांग: ऊब न देता खाली येताना त्याच कांडीला तेरा का झाले?"

मेंग-हुआ उठून फळ्याकडे गेला. दीड तास तिथेच होता. मला कळलं ते असं: कांडी म्हणजे एकसंध नव्हे, वाळूसारखे कण एकमेकांना चिकटलेले. मोठ्या चुंबकात गेलेल्या रेषा कणांच्या पोटात अडकतात. चुंबक कमी केलं तरी त्या आतच, आणि कणांमधल्या फटींत त्या उलट्या वळून बाहेरच्या रेषांना मारतात. फटीला वाटतं चुंबक कमी झालं, ती जास्त वीज जाऊ देते.

"म्हणजे खुंटे चांगले आहेत," तो म्हणाला. खडू हातात तसाच. "पहिल्यापासून चांगले होते. सांधे कच्चे आहेत. बाई, मी तीन वर्षं खुंटे ठोकतोय आणि कुंपण मोडलेलं आहे."

"हे दुसरीकडे लोकांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या. "नवीन नाही. पण तुझ्या कांड्यांत कुणी पाहिलेलं नाही. सगळ्या एक्केचाळीस. चढताना आणि उतरताना. कोण मोजणार?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं मला काढणार," मी म्हटलं.

"काढीन," बाई म्हणाल्या. "एक्केचाळिसावी झाली की."

६ मे, रविवार

सकाळी नवव्या कांडीवर होते. इलिनॉयचं उत्तर काल आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. जागा दुसऱ्याला.

मेंग-हुआने प्रयोगशाळेतूनच श्यू-चीला फोन लावला. आठ दिवस टाळत होता. मी बाहेर जाऊ लागले तर हाताने थांब म्हणाला, मला वाटतं एकट्याने करवत नव्हतं. त्यांच्या भाषेत बोलत होता. खूप हळू. मग गप्प. पलीकडून बारीक आवाज, पुष्कळ वेळ. मी काट्याकडे बघत होते. मग तो हसल्यासारखा काहीतरी आवाज आला, वळून पाहिलं तर तो फोन कानाला धरून भिंतीला टेकला होता आणि डोळे पुसत होता.

ठेवल्यावर विचारलं, "रागावली?"

"म्हणाली, 'तीन वर्षं तू पत्रात पाच लिहितोस, आणि एका महिन्यात तेरा? मी गणित शिकवते.' राजीनामा दिलेलाच नाही. लिहून ठेवलाय, घरी, तांदळाच्या डब्याखाली."

"म्हणजे सगळ्यात आधी तिला कळलं?"

"फोनवर. आठ हजार मैलांवरून." मग पुढे म्हणाला, "बूट मोठे घेतलेत म्हणून बरं झालं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत पाय वाढेल."

नववी कांडी: चढताना चार पूर्णांक आठ, उतरताना बारा. ऊब दिली. मग खूण.

१० ऑगस्ट, शुक्रवार

मे ते ऑगस्ट काही लिहिलं नाही, मोजत होते. एक्केचाळीस कांड्या, चढून आणि उतरून. उतरतानाचाही प्रत्येक आकडा आधी ऊब देऊन, मग मोठ्या चुंबकातून नव्याने खाली येऊन घेतला. मध्ये एकदा मेंफिसला जायची लहर आली होती, पण तेव्हा तेविसावी टांगलेली होती.

आज परीक्षा झाली. पहिल्या भागाला सगळ्यांना बसू देतात, मी मागे बसले, बाईंनी दिलेला इस्त्रीचा सदरा घालून. मेंग-हुआ एरवी चहा मागायलाही लाजतो. आज चौथ्या प्रकरणावर आला आणि थांबेचना. बाहेरगावचा परीक्षक, टक्कल असलेला, पन्नास मिनिटं एकाच आलेखावर प्रश्न विचारत होता. चढताना ही रेघ, उतरताना ती, मध्ये का नाही? मेंग-हुआ उत्तर द्यायचा, तो दुसरा विचारायचा, आणि दोघेही हळूहळू पुढे झुकत चालले होते, बुद्धिबळ खेळल्यासारखे.

शेवटी तो म्हणाला, "हे पहिल्यांदा लक्षात कसं आलं?"

मी जमिनीकडे बघायला लागले.

मेंग-हुआ म्हणाला, "पान ब्याऐंशी, तळटीप." आणि वाचून दाखवली. "'एक्केचाळिसाव्या कांडीची पहिली मोजणी ऊब न देता झाली आणि मार्चमध्ये चुकीचा आकडा कळवला गेला. ही चूक ओडील गिड्री यांची आणि माझी. चूक शोधून दाखवली ओडील गिड्री यांनी. या प्रकरणातली पुढची सर्व मोजणी त्यांचीच आहे.'"

परीक्षकाने खोलीत नजर फिरवली. "त्या कोण?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मला उभं राहावं लागलं.

"किती वेळा ऊब दिलीत?"

"आठशे वीस," मी म्हटलं. "प्रत्येक कांडीला वीस."

त्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. मेंग-हुआ भिंतीला पाठ लावून उभा, मी त्याच्या शेजारी. तो म्हणाला, "आत हसल्याचा आवाज आला का?" मी म्हटलं, "खुर्ची सरकली." वीस मिनिटांनी दार उघडलं. बाई होत्या. त्यांनी आधी कोट सारखा केला, मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर त्साइ, आत येता का?"

तो गेला. दार पुन्हा लागलं. मी ग्रंथालयाच्या यंत्रावर पान ब्याऐंशीची प्रत काढली आणि आईला पाकिटात घातली. वर लिहिलं: खालून चौथी ओळ बघ. आणि मग पाकीट उघडून आणखी लिहिलं: पूर्ण वाच, चुकीवर थांबू नकोस.